जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर हिसका का देतो?

मोटारगाडी ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. शिक्षक, परिचारिका, कारकून, छोटे दुकानदार असे मध्यम मिळकतीचे लोकही आज सेकंडहँड गाडी घेऊन आपली रोजची गरज भागवितात. त्यातही क्लच नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला अलीकडे मागणी वाढली आहे. गुडघेदुखीने बेजार झालेल्या ज्येष्ठांना अशी गाडी सोयीची पडते. ज्यांचा डावा पाय पोलिओने किंवा अपघाताने अधू झाला आहे, त्यांच्या दृष्टीने तर तो सोयीपलीकडचा प्रश्न आहे. क्लच दाबता येत नाही म्हणून साधी गाडी चालविता येत नाही आणि ऑटोमॅटिक गाडी हाती आली की कोणाच्याही मदतीशिवाय कामावर जाता येते. नवी ऑटोमॅटिक गाडी महाग असते, म्हणून पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी घेतली जाते. पुढे एके दिवशी ती गिअर बदलताना हिसके देऊ लागते. गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा एका वाक्यात निकाल मिळतो, "गिअरबॉक्स गेला."

आम्ही पडलो बँकेतले कारकून, आणि शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयाकडे लक्ष वळले ते कर्जाच्या अर्जांमुळे. गाडीच्या दुरुस्तीसाठी वैयक्तिक कर्ज मागणारे लोक आमच्या टेबलापुढे बसतात. गिअरबॉक्स खोलण्याचे अंदाजपत्रक ते सोबत आणतात, पण गाडीची तपासणी काय झाली हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. मोठ्या रकमेचा निर्णय असा ऐकीव माहितीवर घेतला जाऊ नये, या विचाराने आम्ही जाणकार मेकॅनिक मंडळींशी वेळोवेळी चर्चा केली, दुरुस्तीची पुस्तके वाचली आणि काही गाड्यांची तपासणी जवळून पाहिली. त्यातून जे समजले ते सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर सोप्या भाषेत ठेवीत आहोत.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. ऑटोमॅटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्व गाड्या एकाच जातीच्या नसतात. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीतून आपल्याकडे एएमटी हा प्रकार आणला. त्यात गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे गिअर बदलताना थोडासा झोका बसणे हा त्याचा स्वभावच आहे. सीव्हीटी या प्रकारात पट्ट्यावर गती बदलते आणि त्याची दुखणी निराळी असतात. सदर लेख टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या पद्धतीच्या, विशेषतः १९९० नंतरच्या जपानी व कोरियन बनावटीच्या चार-गतींच्या गिअरबॉक्सविषयी आहे.

गिअर आपोआप बदलतो तरी कसा?

पूर्णपणे आपोआप गिअर बदलणारी व मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली व्यवस्था अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत दिली. तिचे नाव हायड्रा-मॅटिक. या व्यवस्थेमागे द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेण्याची जी कल्पना आहे, तिचे पेटंट जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली घेतले होते.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरचे काम थोडेफार याच तत्त्वावर चालते. फक्त तेथे हवेच्या जागी तेल असते व दोन्ही पंखे एका बंद डब्यात असतात. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तेल असल्यामुळे गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लचची गरज उरत नाही.

पुढे गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रांचा संच असतो. ही चक्रे नेहमी एकमेकांत गुंतलेलीच असतात. कोणते चक्र धरून ठेवायचे व कोणते सोडायचे, यावर पहिला, दुसरा की तिसरा गिअर हे ठरते. हे धरण्या-सोडण्याचे काम गिअरबॉक्सच्या आतील छोटे क्लच व पट्टे करतात. त्यांना दाबते ते तेलाचा दाब. शाळेत आपण पास्कलचा नियम शिकतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा तो नियम. त्याचा इतका नेटका उपयोग क्वचितच पाहावयास मिळेल. इंजिनच्या बळावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो, आणि अनेक बारीक वाटा व झडपा असलेला एक धातूचा ठोकळा तो दाब हवा त्या क्लचकडे पाठवितो. या ठोकळ्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात.

झडपांना हुकूम कोण देतो? अगदी जुन्या गाड्यांत हे काम गाडीच्या वेगावर चालणारा गव्हर्नर आणि अॅक्सिलरेटरला जोडलेली एक केबल मिळून करीत. नंतरच्या गाड्यांत छोटा संगणक आला. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे, चाके किती वेगाने फिरतात, तेल किती तापले आहे, हे सेन्सर त्याला कळवितात. त्यावरून तो सोलेनॉइड नावाच्या विजेवर चालणाऱ्या झडपा उघडतो व मिटतो.

एक हमाल आपल्या खांद्यावरचे पोते दुसऱ्या हमालाच्या खांद्यावर देतो, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. पहिल्याने लवकर सोडले तर पोते खाली घसरते. दुसऱ्याने धरल्यावरही पहिल्याने सोडले नाही तर दोघांची ओढाताण होते. दुसऱ्याच्या खांद्यावर ते जोरात आदळले तर त्याला हिसका बसतो. गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. सेकंदापेक्षाही कमी वेळात हे हस्तांतर व्हायचे असते. वेळ चुकली किंवा दाब जास्त झाला, की आपल्याला गाडीत धक्का जाणवतो. हा धक्का सौम्य व्हावा म्हणून अॅक्युम्युलेटर नावाची स्प्रिंग व दट्ट्याची योजना आत केलेली असते. ती दाब एकदम न देता हळूहळू चढू देते.

हिसका, घसरण आणि उशीर

गाडीमालकाने प्रथम आपली तक्रार नीट ओळखली पाहिजे. "गाडी झटके मारते" एवढ्याने मेकॅनिकला काहीच कळत नाही. ताप आलेला माणूस डॉक्टरांकडे गेला तर ताप कधी येतो, थंडी वाजते का, हे डॉक्टर विचारतातच. येथेही तसेच आहे.

गाडी उभी असताना लिव्हर पार्कमधून ड्राइव्ह किंवा रिव्हर्समध्ये घेतल्यावर धाडकन आवाज होऊन गाडी हलत असेल, तर ती एक तक्रार. चालत्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यात किंवा दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना मागून कोणी ढकलल्यासारखे वाटत असेल, तर ती दुसरी. गिअर बदलताना इंजिनचा आवाज एकदम वाढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही, आणि मग गिअर बसतो. ही तिसरी तक्रार म्हणजे घसरण. लिव्हर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी ओढते, हा उशीर. ही चौथी.

यातील पहिल्या दोन तक्रारींची कारणे पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर किंवा तेलात सापडतात. घसरण व उशीर या दोन अधिक गंभीर आहेत. तेल कमी झाल्यानेही त्या होतात, पण तेल ठीक असूनही त्या होत असतील तर आतील क्लच झिजल्याची किंवा रबरी सील कडक झाल्याची शंका घ्यावी लागते.

तपासणीचा क्रम

बँकेत संध्याकाळी जमाखर्चाचा मेळ बसला नाही तर आम्ही वर्षभराची खातेपुस्तके काढून बसत नाही. आधी त्या दिवसाची व्हाउचर पाहतो, बेरीज पुन्हा करतो, आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते तपासतो. बहुतेक वेळा फरक तेथेच सापडतो. गाडीच्या बाबतीतही ज्याला खर्च कमी व खोलावे काहीच लागत नाही ते आधी, आणि ज्याला खर्च जास्त व जे परत पूर्ववत करता येत नाही ते शेवटी, हा क्रम पाळावा.

पहिली पायरी : टिपण. चार-पाच दिवस एक छोटी वही गाडीत ठेवावी. हिसका कोणत्या गिअरला बसतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, अॅक्सिलरेटर हलका असताना की जोरात दाबल्यावर, वातानुकूलन चालू असताना की बंद, हे लिहून ठेवावे. चालविणाऱ्याने चालविता चालविता लिहू नये, शेजारी बसलेल्याने लिहावे. अलीकडे बॅटरी काढली किंवा बदलली होती का, हेही नोंदवावे. अनेक गाड्यांचा संगणक गिअर बदलण्याची सवय हळूहळू शिकत असतो. बॅटरी काढली की काही गाड्यांत ते शिकलेले पुसले जाते आणि काही दिवस गिअर राकट बसतात. अशा वेळी शांतपणे थोडे दिवस गाडी चालविणे हाच उपाय असतो.

दुसरी पायरी : इंजिन आणि त्याचे रबर. गरम झालेले इंजिन उभ्या गाडीत साधारणपणे मिनिटाला सातशे ते आठशे फेरे घेते. काही कारणाने ते बाराशे-तेराशे फेरे घेत असेल, तर ड्राइव्हमध्ये टाकताच धक्का बसणारच. त्यात गिअरबॉक्सचा काही दोष नाही. इंजिन एखाद्या सिलिंडरमध्ये पेट चुकवीत असेल तर तो झटकाही गिअरचा वाटतो.

त्यानंतर माउंटिंग पाहावे. इंजिन व गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसविलेले असतात ते हे माउंटिंग. काही गॅरेजांत त्याला फाउंडेशन म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व तेलाने हे रबर फाटते. मग गिअर बदलताना सगळे इंजिनच पुढे-मागे झुकून आदळते. हे पाहण्यासाठी बॉनेट उघडावे, हँडब्रेक ओढावा, चालकाने पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरावा व लिव्हर ड्राइव्ह आणि रिव्हर्समध्ये आळीपाळीने घ्यावा. पाहणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहता कामा नये. इंजिन थोडे हलणे ठीक, पण ते उसळी मारून आदळत असेल तर माउंटिंग गेले असे समजावे. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे सैल झाले असतील तरीही टक्कन आवाज येतो. हे सर्व गिअरबॉक्सला हात न लावता कळते.

तिसरी पायरी : तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल केवळ वंगण नव्हे. तेच शक्ती वाहते, तेच क्लच दाबते, तेच उष्णता बाहेर नेते. म्हणून तेलाची पातळी, रंग, वास व जात या चारही गोष्टी पाहाव्यात.

ज्या गाड्यांना डिपस्टिक आहे त्यांत गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून सपाट जागी उभी करावी. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवत फिरवावा व पार्कमध्ये आणावा. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा बुडवून 'गरम' या खुणेवर पातळी पाहावी. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात पातळी पाहायची असते. त्यामुळे गाडीसोबतची पुस्तिका आधी वाचावी. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. त्यांचे तेल ठराविक तापमानाला खालचा बोल्ट उघडून तपासतात व ते काम गॅरेजमध्येच करावे.

तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब डळमळतो आणि गिअर उशिरा व आदळत बसतो. तेल जास्त झाले तर फिरणारी चक्रे ते घुसळतात, फेस होतो आणि परिणाम तोच. म्हणून "थोडे जास्तच असू द्या" हा सल्ला मानू नये.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कापडावर टिपावा. नवे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. तपकिरी झाले असेल तर ते जुने झाले आहे. काळे आणि जळकट वासाचे असेल तर आतील क्लचचा थर जळाला असण्याची शक्यता मोठी. गुलाबी दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. अनेक गाड्यांत हे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या आतल्या नळीतून जाते. तेथे गळती झाली की दोन्ही एकत्र होतात. असे दिसताच गाडी चालविणे बंद करावे.

तेलाच्या जातीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. क्लच किती वेगाने व किती घट्ट धरेल हे तेलातील घर्षण ठरविणाऱ्या रसायनांवर अवलंबून असते. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यासाठी स्पर्म व्हेल माशापासून काढलेले तेल मिसळीत असत. त्यावर बंदी आल्यावर तेल कंपन्यांना पर्यायी रसायने शोधावी लागली. आज प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे आहे. टोयोटाच्या जुन्या गाड्यांना टी-४, ह्युंदाईच्या अनेक गाड्यांना एसपी-३, होंडाला पूर्वी झेड-१ व आता डीडब्ल्यू-१, जनरल मोटर्सच्या गाड्यांना डेक्सरॉन अशी नावे असतात. लाल रंग पाहून कोणतेही तेल ओतले तर इतर सर्व ठीक असूनही गिअर हिसका देऊ शकतो.

तेल बदलण्यासंबंधी आणखी एक गोष्ट. खालचा बोल्ट काढला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल आतच राहते. एका वेळी सर्वसाधारणपणे एक तृतीयांश ते निम्मेच तेल बदलते. म्हणून काही दिवस गाडी चालवून पुन्हा बदलावे, आणि पुन्हा एकदा. काढलेल्या तेलाचा तळ व तेथील लोहचुंबक पाहावा. चुंबकावर बारीक राखाडी चिखल असणे स्वाभाविक आहे. धातूचे चकचकीत तुकडे किंवा काळे कपचे असणे स्वाभाविक नाही.

"जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स जातो" असा एक समज पसरलेला आहे. ज्या गिअरबॉक्सचे क्लच आधीच झिजून घसरत आहेत, त्याला नव्या तेलाने जीवदान मिळत नाही आणि दोष मात्र तेलावर येतो. घसरण नसेल, फक्त हिसका असेल, तर योग्य जातीचे तेल टप्प्याटप्प्याने बदलण्यात भिण्यासारखे काही नाही.

चौथी पायरी : केबल, तारा आणि संगणक. केबलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ती केबल जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा व राकट बदलतात. फार सैल असेल तर ते लवकर व मिळमिळीत बदलतात आणि कमी दाबामुळे क्लच घसरून जळतात. म्हणून हिसका घालविण्यासाठी केबल अंदाजाने सैल करणे हा उपाय घातक आहे. पुस्तिकेतील मापानेच ती लावावी.

संगणकाच्या गाडीत अॅक्सिलरेटरची स्थिती सांगणारा सेन्सर खोटे सांगू लागला, की संगणकाला वाटते चालकाने जोर लावला आहे. तो दाब वाढवितो आणि गिअर आदळतो. मल्टिमीटर लावून अॅक्सिलरेटर हळूहळू दाबला असता व्होल्टेज साधारण अर्ध्यापासून साडेचारपर्यंत एकसारखे चढले पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर झिजला आहे.

संगणकाला मोठा दोष आढळला तर तो स्वसंरक्षणाच्या अवस्थेत जातो. अनेक गाड्यांत तेव्हा तेलाचा दाब कमाल होतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. उद्देश असा की क्लच घसरू नयेत व गाडी कशीबशी घरी पोचावी. मालकाला मात्र वाटते, गिअरबॉक्स मोडला. अशा वेळी फलकावर ओव्हरड्राइव्हचा किंवा इंजिनचा दिवा लुकलुकतो. आपल्या देशात गाडीतील दोष नोंदविणारी ओबीडी व्यवस्था एप्रिल २०१० पासून आणि तिची दुसरी पायरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्यानंतरच्या गाड्यांचे दोष-संकेत छोट्या यंत्राने वाचता येतात. पी ०७०० म्हणजे गिअरच्या संगणकात काहीतरी नोंद आहे, पी ०७५० म्हणजे शिफ्ट सोलेनॉइडचा दोष, पी ०७२० म्हणजे बाहेर पडणाऱ्या गतीच्या सेन्सरचा.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संकेत हा विजेच्या एका मार्गाकडे बोट दाखवितो. अमुक भाग निकामी झाला असा तो दाखला नव्हे. तार तुटली, जोड गंजला, उंदराने कुरतडले, तरी संकेत तोच येतो. म्हणून आधी जोड व तारा पाहाव्यात, बॅटरी व तिची अर्थिंगची पट्टी पाहावी, मग सोलेनॉइडचा विद्युतरोध मोजावा व तो त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. पुष्कळ गाड्यांत उघड-मीट करणाऱ्या सोलेनॉइडचा रोध दहा ते पंधरा ओहमच्या आसपास असतो.

पाचवी पायरी : दाबाची परीक्षा. वरील सर्व ठीक निघाले तर गिअरबॉक्सच्या तपासणी-छिद्रावर गेज लावून तेलाचा दाब मोजतात. दाब सर्वच गिअरला जास्त असेल तर दाब नियंत्रित करणारी झडप किंवा सोलेनॉइड संशयित ठरतो. दाब ठीक असून एकाच गिअरला हिसका असेल तर त्या गिअरचा अॅक्युम्युलेटर, त्याची स्प्रिंग किंवा सील पाहावे लागते. यातील बराचसा भाग गिअरबॉक्स गाडीतून न उतरविता, व्हॉल्व्ह बॉडी काढून दुरुस्त होतो. ब्रेक दाबून इंजिनला पूर्ण जोर देण्याची जी स्टॉल परीक्षा आहे, ती पाच सेकंदांपेक्षा जास्त करीत नाहीत. तेल झपाट्याने तापते व गाडी सुटून अपघात होऊ शकतो. ही परीक्षा घरी कोणीही करू नये.

एक उदाहरण

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा पाय अधू आहे. शाळा घरापासून बावीस किलोमीटरवर, आणि बसच्या पायऱ्या चढणे त्यांना अवघड जाते. त्यांची चार-गतींची ऑटोमॅटिक गाडी रिव्हर्समध्ये टाकताना धाडकन आदळू लागली आणि तापल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना हिसका देऊ लागली. एका गॅरेजने गाडी न चालविताच गिअरबॉक्स खोलण्याचे अंदाजपत्रक दिले. रक्कम त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. गाडी विकून टाकावी आणि शाळेजवळ खोली घ्यावी, इथपर्यंत घरात विचार गेला होता. म्हाताऱ्या आईला सोडून जायचे कसे, हा प्रश्न होता.

आम्ही त्यांना वही ठेवायला सांगितले. चार दिवसांच्या नोंदींत घसरण किंवा उशीर एकदाही नव्हता. दुसऱ्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिले तेव्हा रिव्हर्समध्ये इंजिन चांगलेच उसळत होते. मागचे माउंटिंग फाटले होते. तेल तपकिरी होते, पण जळकट नव्हते, आणि चुंबकावर फक्त राखाडी चिखल होता. माउंटिंग बदलल्यावर रिव्हर्सचा धक्का थांबला. योग्य जातीचे तेल पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा बदलल्यावर तिसऱ्या गिअरचा हिसका बराच कमी झाला. सकाळी थंड असताना दुसरा गिअर अजूनही किंचित राकट बसतो. मेकॅनिकचे म्हणणे, एक अॅक्युम्युलेटर थकला असावा, सध्या चालवा आणि वाढला तर पाहू. एकंदर खर्च अंदाजपत्रकाच्या आठव्या हिश्शाहून कमी झाला. बाई आजही आपल्या गाडीने शाळेत जातात.

प्रत्येक गाडीचे असेच होईल असे नाही. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या एका गाडीचे तेल काळे व जळकट निघाले आणि चढावर ती घसरत होती. तिचा गिअरबॉक्स खोलावाच लागला. पण मालकाला ते पैसे देण्याआधी कळले होते, आणि वीस वर्षांच्या गाडीत एवढी रक्कम घालावी की नाही हे त्याने घरच्यांशी बसून ठरविले. दोन्ही ठिकाणी उपयोग तपासणीचाच झाला.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

मेकॅनिकवर अविश्वास दाखवू नये. पण प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. गाडी चालवून पाहिली का? तेल कसे निघाले, मला दाखवाल का? संगणकात कोणता संकेत आहे? दाब मोजला का, किती आला? ही चार उत्तरे लेखी अंदाजपत्रकासोबत मागावीत. बदललेले जुने भाग परत घ्यावेत. जो मेकॅनिक ही उत्तरे आनंदाने देतो तो कामाचा माणूस समजावा, मग त्याचे गॅरेज पत्र्याच्या शेडमध्ये का असेना.

नित्याची काळजी

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ड्राइव्हमधून रिव्हर्समध्ये टाकू नये. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढावा, मग पार्क करावे, म्हणजे सगळा भार गिअरबॉक्सच्या छोट्या खुंटीवर पडत नाही. घाटातून उतरताना पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये टाकू नये, खालचा गिअर निवडावा. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असते तेव्हा पंप फिरत नाही व आतल्या भागांना तेल मिळत नाही. सपाट ट्रकवर चढवून न्यावी. रेडिएटर स्वच्छ ठेवावा, कारण उष्णता ही या तेलाची सर्वांत मोठी वैरी आहे.

आयटीआयमधील मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. रस्त्यावर ऑटोमॅटिक गाड्या वाढत आहेत, त्यांतील जुन्या होणाऱ्या गाड्याही वाढणार. भाग बदलणारे हात पुष्कळ मिळतात. दोष कोठे आहे हे कारणासह सांगू शकणारा माणूस मिळणे अवघड असते. मल्टिमीटर, प्रेशर गेज आणि वही या तीन वस्तूंशी मैत्री करणाऱ्याला काम कमी पडणार नाही.

आणि ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे त्यांना एवढेच सांगणे, की हिसका बसू लागल्यावर घाबरून कर्जाचा अर्ज लिहू नका आणि दुर्लक्षही करू नका. आधी वही घ्या, मग बॉनेट उघडा, मग तेल पाहा. कर्ज लागलेच तर आम्ही बँकेत आहोतच, पण ते कशासाठी घ्यायचे हे तुम्हाला ठाऊक असू द्या.